वाढत्या अंगाचा चिमटा

आमच्या घरात मापाची वस्तू कधी आलीच नाही. जे यायचं ते वाढत्या अंगाचं. शाळेचा झगा शिवून यायचा तो घोट्यापर्यंत, मग आई त्याला आतून चार बोटांची दुमड घालायची आणि दर वर्षी शाळा उघडायच्या आधी एकेक बोट उसवायची. त्यामुळे माझ्या प्रत्येक झग्याच्या खालच्या अंगाला जुन्या दुमडींच्या फिक्या रेघा असत. चपला अशा, की पुढे कापूस कोंबल्याशिवाय पायात राहायच्या नाहीत. रेनकोट इतका ऐसपैस, की त्यात माझ्याबरोबर माझं दप्तरही चालत शाळेत जायचं. कोणी हसलं की आई म्हणायची, "आंग काय थांबस का? वाढता आंगनं लिधं म्हणजे दोन वरीस चिंता नही." यात काही वावगं आहे असं मला वाटायचं नाही. खानदेशात दहापैकी नऊ घरांत हीच रीत.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात यायला फार वर्षं लागली. वस्तू माझ्या अंगाला नेमकी बसायला लागली, की ती माझी राहायची नाही. माझा भाऊ बापू माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, पण बाराव्या वर्षीच तो माझ्या डोक्यावरून पाहायला लागला होता आणि आडवाही तसाच. निळ्या स्वेटरची बाही माझ्या मनगटाशी येऊन थांबली, त्याच हिवाळ्यात तो बापूच्या अंगावर दिसला. घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकातून दुसऱ्या भोकावर आला आणि घड्याळ बापूच्या हातात गेलं. रेनकोटही गेला, दप्तरही गेलं. मला परत नवी, मोठी, ढगळ वस्तू. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, पोरीचे भारी लाड, सारखं नवं मिळतं. मिळायचं खरं नवं. बैल नांगराला धरायच्या आधी रुळवतात, तशा मी बापूच्या वस्तू रुळवून देत होते, एवढंच.

आज मी माझ्या लेकीसाठी बूट घ्यायला जाते तेव्हा दुकानदार अंगठा दाबून म्हणतो, ताई, एक नंबर मोठा घ्या, वाढतं अंग आहे. मी म्हणते, मापाचाच द्या. दर वर्षी नवा घ्यावा लागतो आणि आमचे हे त्याला उधळपट्टी म्हणतात. म्हणू देत.

आमचं गाव चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. चारी बाजूंना केळी. सकाळी जाग यायची ती विहिरीवरच्या मोटरीच्या घुर्र आवाजानं, आणि वारा सुटला की केळीची पानं फाटत असल्याचा आवाज घरापर्यंत यायचा, कापडाच्या दुकानात ताग्यावरून वार फाडतात तसा. उन्हाळा लागला की गच्चीवर बिबड्या पडायच्या. आई आणि शेजारच्या दोघी ज्वारीचा शिजवलेला घाटा हातानं थापत बसायच्या आणि ओल्या बिबड्या खाल्ल्या म्हणून आम्हाला शिव्या द्यायच्या. हिवाळ्यात तुरीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर कच्च्या तेलाची धार. आबा, म्हणजे माझे वडील, पहिला घास घेऊन डोळे मिटायचे आणि मग कोणाला काही मागायचं असेल तर ती वेळ बरी असे. हे सगळं मी आत्ता चवीनं लिहिते आहे, पण खरं सांगायचं तर ते भरीत मला आता नीट जात नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

दहावीनंतर मला धुळ्याला, देवपूरला, अक्कांकडे ठेवलं. अक्का म्हणजे आबांची थोरली बहीण, विधवा, एकटी, शिस्तीची. कॉलेज लांब म्हणून कुठलीशी जुनी डोंगरी सायकल आबांनी घेऊन दिली होती, अर्थात एक माप मोठी. त्या सायकलीवर मी पांझरेच्या पुलावरून रोज जाता जाता एक दिवस कॉलेजच्या खेळाच्या सरांच्या नजरेत आले. त्यांनी मला जिल्ह्याच्या डोंगरी शर्यतीत उतरवलं. मी पहिली आले. कशी आले ते मलाच कळलं नाही. चढावर बाकीच्या मुली उतरून सायकल ढकलत होत्या आणि मी बसूनच वर गेले. उतारावर मात्र हाल झाले. माझ्या सायकलीचा पुढचा चिमटा साधा होता. पुढचं चाक ज्या दोन पायांमध्ये बसतं त्याला आमच्याकडे चिमटा म्हणतात. साधा म्हणजे निव्वळ लोखंडी नळ्या. प्रत्येक दगड मनगटातून खांद्यापर्यंत येऊन भेटायचा. दुसऱ्या दिवशी मला पोळी तोडता येईना, तर अक्कांनी, ज्या कोणाला कधी काही भरवत नसत, त्यांनी मला वरणभात भरवला.

वर्तमानपत्रात फोटो आला. आबांनी तो चौकटीत घालून बैठकीत लावला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला लागले. मग सरांनी सांगितलं, दिवाळीनंतर धुळ्याबाहेरच्या डोंगरावर राज्याच्या संघासाठी निवड चाचणी आहे, मुलींमधून तिघी घेणार. ज्या तिघी निवडल्या जातील त्यांना पुण्याला खेळाडूंच्या वसतिगृहात जागा, शिक्षण तिथेच. मला दुसरं काही ऐकूच आलं नाही. कारण आमच्या घरात पदवीचं पहिलं वर्ष संपलं की मुलीसाठी स्थळं पाहायला लागतात, आणि माझं पहिलं वर्ष चालू होतं. ते पुण्याचं वसतिगृह मला हवं होतं. इतकं दुसरं काही मला तेव्हा हवं नव्हतं आणि नंतरही कधी हवंसं वाटलं नाही.

आबा त्या आठवड्यात खुशीत होते. म्हणाले, "तुले शॉकअपवाला चिमटा लयी देस. पण चांगला देखीसन सांग."

तो पाहायला मी नानांकडे गेले. नाना देवपुरातले मिस्तरी. चाळीस वर्षं मोटरसायकलींचे शॉकअप उघडून त्यांचं तेल बदललेला माणूस, म्हातारपणी सायकलींकडे वळलेला. दुकान म्हणजे एक पत्रा, एक स्टूल आणि भिंतीवर खडूनं काढलेल्या अवजारांच्या आकृत्या, म्हणजे पाना जागेवर नसला की लगेच कळतं. नाना गिऱ्हाइकाशी फार बोलत नसत, पण चिमट्याचा विषय काढला की त्यांना थांबवावं लागे. त्यांनी मला चार दिवस शिकवलं. स्वस्तातल्या चिमट्यात आत नुसते रबराचे गट्टू असतात, थंडीत ते दगड होतात, तो घ्यायचा नाही. स्प्रिंगचा घ्यायचा. चिमटा किती दबतो ते नाना बोटांनी मोजत, त्यांची बोटं जाड होती. पाच बोटं दबणारा आणि सात बोटं दबणारा असे दोन होते. मला अर्थातच सात बोटांचा हवा होता. नाना म्हणाले, "सात बोटंना लिधा तर सायकलनं तोंड वर व्हई. चढले तू मांगे पडशी. तुनी कमाई चढवर शे. पाचना बस." आणि त्याला स्प्रिंगा तीन येतात, मऊ, मध्यम आणि कडक. स्प्रिंग चालवणाऱ्याच्या वजनावर ठरते. तो भाग सगळ्यांत महत्त्वाचा, असं त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं की मी शेवटी चिडले.

समोरच्या पिठाच्या गिरणीच्या काट्यावर त्यांनी मला उभं केलं. सत्तेचाळीस. मी एका कागदावर सुवाच्य अक्षरात सगळं उतरवलं: पाच बोटांचा, वरची नळी इतकी लांब, ब्रेक अमुक, चालवणाऱ्याचं वजन सत्तेचाळीस किलो, स्प्रिंग मऊ. मऊच्या खाली दोन रेघा ओढल्या. ती चिठ्ठी मी रविवारी घरी जाऊन आबांच्या हातात दिली. नाशिकच्या एका मोठ्या दुकानात असे चिमटे मिळायचे आणि आबा त्या आठवड्यात तिकडे जाणार होते.

त्याच रविवारी आमच्या मळ्यात केळीची कापणी होती. गडी डोक्यावर घड घेऊन बांधापर्यंत येत होते, तिथे वजनकाटा मांडला होता आणि आबा कानावरची पेन्सिल काढून घडांची वजनं लिहीत होते. मधे काम जरा थांबलं तेव्हा आबा बापूला म्हणाले, "तू उभा ऱ्हाय रे काटावर." बापू हसत उभा राहिला. एकाहत्तर भरला. गडी म्हणाले, हा तर तीन घडांचा ऐवज आहे. सगळे हसले. मीही हसले. मी पुढे झाले आणि म्हणाले, आबा, माझंही करा. आबा म्हणाले, "तुनं शे ना चिठ्ठीमा," आणि पेन्सिल परत कानावर ठेवली.

चिमटा आला तो दिवस मी विसरणार नाही. लांबट खोकं, आत काळा, चकचकीत, वरचे पाय रुपेरी. आबांनी तो आधी गावात दाखवला होता. गावातल्या ज्यानं त्यानं त्याचा एक पाय जमिनीला टेकवून दाबून पाहिला आणि मान डोलावली, कडक शे! आमच्या लोकांना कडक म्हणजे मजबूत, आणि मजबूत म्हणजे चांगलं. मग बसनं ते खोकं मांडीवर घेऊन मी देवपूरला आले. शेजारच्या सीटवरच्या बाईनं विचारलं, काय आहे यात? मी म्हटलं, शॉकअप. तिला वाटलं गाडीचा.

नानांनी तो दोन तासांत बसवला. मग त्यांनी एक काम केलं ज्यावर हे सगळं प्रकरण उभं आहे. वायरी बांधायची प्लास्टिकची बारीक पट्टी असते ना, ती त्यांनी चिमट्याच्या रुपेरी पायाभोवती सरकेल पण घसरणार नाही इतपत बांधली आणि खाली, तो पाय काळ्या नळीत शिरतो तिथल्या रबराच्या ओठापर्यंत, सरकवली. म्हणाले, आता हळूच बस, आणि तशीच हळूच उतर. चिमटा दबला की रबर त्या पट्टीला वर ढकलतं आणि आपण उतरलो तरी पट्टी तिथेच राहते. चिमटा किती दबला ते ती सांगते. नुसतं बसल्यावर पाचातलं एक बोट दबायला हवं. तेवढं दबलं की चाक खड्ड्यातही उतरतं आणि दगडावरही चढतं. मी बसले, उतरले. नानांनी बोट लावलं. अर्धं बोटसुद्धा नाही.

वरची गोल टोपी फिरवून स्प्रिंग ढिली करता येते. ती त्यांनी फिरवून फिरवून शेवटपर्यंत ढिली केली. मी पुन्हा बसले. जेमतेम अर्धं. मी म्हटलं, नाना, अजून फिरवा ना. नाना म्हणाले, "टोपी फिराईसन स्वभाव बदलस का? हाई स्प्रिंग तुनी नही पोरी. हाई दुसरानी शे."

मला वाटलं दुकानदारानं चूक केली. खोक्यात मऊ स्प्रिंग वेगळी ठेवली असेल म्हणून आम्ही खोकं उलटं केलं. थर्माकोल पडला, माहितीचं पुस्तक पडलं, आणि पुस्तकाच्या घडीतून माझी चिठ्ठी पडली. दुकानदारानं ती जपून परत घातली होती. माझं सुवाच्य अक्षर. त्यातला सत्तेचाळीस खोडलेला. त्यावर पेन्सिलीनं एकाहत्तर. मऊ खोडून कडक. ज्या पेन्सिलीनं घडांची वजनं लिहिली जातात तीच पेन्सिल, आणि आबांचा एकाचा आकडा मी कुठेही ओळखते, डोक्याशी जरा जास्तच वळलेला.

मला काटा आठवला. तीन घडांचा ऐवज आठवला. आणि मग स्वेटर, घड्याळ, रेनकोट, दप्तर, सगळं एकामागून एक आठवलं. अठरा वर्षांत मला जे कळलं नव्हतं ते त्या पत्र्याखाली स्टुलावर बसून कळलं, आणि कळल्यावर आपण किती मूर्ख होतो याची लाजच वाटली. नानांनी चिठ्ठी वाचली, घडी केली, माझ्या हातात दिली. कोणाचं अक्षर आहे हे त्यांनी विचारलं नाही.

दुसऱ्याच दिवशी मी सकाळच्या बसनं गावाला गेले. चाचणीला आठ दिवस होते. जेवायची वेळ होती. भरीत होतं. आबा पहिला घास घेऊन डोळे मिटून बसले होते, बापू त्यांच्या शेजारी, आई चुलीपाशी भाकरी थापत. मी पाटावर न बसता चिठ्ठी आबांच्या ताटाशेजारी ठेवली.

"आबा, हाई कोनी खोडी?"

मला वाटलं होतं ते गडबडतील, चिडतील, दुकानदाराचं नाव घेतील. ते चिडले असते तर मला आज इतका राग आला नसता. आबांनी चिठ्ठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पिकाची गोष्ट सांगावी तसं म्हणाले, "मी खोडी. वाढता आंगना लिधा."

"मन्हं आंग दोन वरीस झाया वाढत नही, आबा."

"तुनं नही. बापूनं." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "देख वैशू. तुनी एक शर्यत शे. बापूनं बठ्ठं आयुष्य शे. तू जाशी सासरले, सायकल काय तठे लयी जाशी? मंग ती चीज कोनी? दोन दिन तू चालव, मंग बापूले व्हई."

"पण माझी शर्यत..." इथे माझी बोली सुटली, मी शाळेतलं बोलायला लागले. "आबा, स्प्रिंग बदलून मिळते. हातभर वस्तू आहे. नाना म्हणाले दुकानदार बदलून देईल."

"आनि मंग बापूना वखतले परत बदलनी का?"

मी आईकडे पाहिलं. आईनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "जेवी ले पोरी. कडक शे तं जास्त टिकी." बापू मान खाली घालून खात होता. सोळा वर्षांचा होता तो. एकदा त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि परत ताटात पाहिलं. मी जेवले. तेही सांगून टाकते, कारण उपाशी उठून गेले असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण मी जेवले. भुकेची वेळ होती आणि भरीत चांगलं झालं होतं. तेव्हापासून ते मला जात नाही.

परत आले तेव्हा नाना म्हणाले, मी मागवतो नाशिकहून मऊ स्प्रिंग, बसच्या पार्सलनं तीन दिवसांत येईल, तू कोणाला सांगू नको. मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "राहू द्या नाना. याच चिमट्यावर जिंकून दाखवते." आबांचा मला राग आहे, तो जायचा नाही. पण त्याच्या बरोबरीनं मला या एका वाक्याचा राग आहे. समोर मदतीचा हात होता, आणि मी सिनेमातल्यासारखं बोलून तो परत पाठवला. मला जिंकायचं नव्हतं, मला आबांना खोटं पाडायचं होतं. अठराव्या वर्षी या दोन गोष्टी एकच वाटतात. नाना म्हणाले, "चिमटाले राग समजत नही पोरी."

चाचणीच्या दिवशी आबा आले. हे मला फार टोचतं, की ते आले, पांढरी टोपी, धुतलेला सदरा, हातात केळ्यांची फणी, सोबत बापू. सरांना म्हणाले, माझी पोरगी आहे. तीन फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत चढावर मी सगळ्यांच्या पुढे होते आणि वर पोचले तेव्हा मला खरंच वाटलं की होईल. मग उतार आला. सुटे काळे दगड, नारळाएवढे. मऊ चिमटा स्वतः दबून चाक दगडावरून नेतो. माझा दबत नव्हता, तो दगडाला लागून उसळत होता, आणि उसळला की चाक हवेत जायचं आणि हवेतल्या चाकाला वळण घेता येत नाही. दुसऱ्या फेरीत माझी बोटं बधिर झाली. ब्रेक दाबलाय की नाही हे मला हाताला कळेना, डोळ्यांनी पाहावं लागे. तिसऱ्या फेरीत सगळ्यात वाईट जागी मी उतरले आणि सायकल हातात धरून पळत खाली गेले. त्या पळण्यात तिघी माझ्या शेजारून गेल्या. तिसरी तर इतकी जवळून गेली की तिचा श्वास मला ऐकू आला.

मी चौथी आले. निवड तिघींची होती.

आबांनी टाळ्या वाजवल्या. "चौथा नंबर बी काय कमी शे का?" म्हणाले आणि केळं सोलून माझ्या हातात द्यायला लागले. माझी बोटं मिटत नव्हती. त्यांनी ते मला भरवलं. सगळ्या आयुष्यात आबांनी मला भरवल्याचं मला तेवढंच एक आठवतं, आणि तो घास मी थुंकला नाही, गिळला. नाना त्या वेळी माझ्याकडे पाहत नव्हते. ते सायकलीपाशी उकिडवे बसून त्या पट्टीला बोटं लावून मोजत होते. तीन फेऱ्यांत जास्तीत जास्त किती दबला, ते पट्टी दाखवत होती.

"अडीच बोटं," ते म्हणाले. "बाकीनं तसंच राहिनं."

पहिलं वर्ष संपायचीही वाट न पाहता त्याच हिवाळ्यात स्थळं सुरू झाली. फाल्गुनात माझं लग्न झालं, भडगावला. ह्यांच्याबद्दल मला तक्रार नाही, माणूस बरा आहे, तो विषय वेगळा. सायकल गावीच राहिली. आबांचं बोलणं खरंच होतं, ती मी सासरी नेली नाही. पुढे अनेक वर्षं मी माहेरी जायची, राहायची, जेवायची, आणि मळ्यातल्या त्या खोलीकडे जायची नाही, जिथे ठिबकच्या नळ्या आणि खतांची पोती असतात. सायकल तिथे आहे हे मला माहीत होतं. नाना गेले तेव्हा मला महिनाभरानं कळलं.

मागच्या दिवाळीत लेक माझ्या मागे लागली, आई, तुझी सायकल दाखव. बैठकीत तो फोटो अजून आहे ना, त्यामुळे. आबा आता थकले आहेत, ऐकू कमी येतं, दिवसभर मळ्यातल्या खोलीच्या ओट्यावर बसून असतात. बापू आम्हाला मळ्यात घेऊन गेला. सायकल भिंतीला खुंटीवर लटकत होती, हँडलला गड्यांच्या जेवणाच्या पिशव्या. बापूनं ती खाली काढली. टायरांचं पीठ झालं होतं. मी पहिल्यांदा चिमट्याच्या पायाकडे पाहिलं. धुळीचा थर होता, आणि थरात ती पट्टी, जिथे नानांनी सोडली होती तिथेच. मी बोटं लावली. अडीच.

माझ्यानंतर एकदाही कोणी त्या चिमट्याला त्याहून खाली दाबलं नव्हतं. एकाहत्तर किलोचा माणूस एकदा जरी खड्ड्यातून गेला असता तरी पट्टी वर सरकली असती.

"बापू, तू ही चालवलीच नाहीस?"

बापू आता टक्कल पडलेला, दोन मुलांचा बाप. भाचीसमोर तो जरा ओशाळला. "फाट्यापर्यंत गयथू दोनदा. ताई, माले सायकलनी आवड कव्हय व्हती? माले मोटरसायकल जोयजे व्हती."

"मग आबांना सांगितलं का नाहीस?"

"माले कोनी इचारं?"

मला त्याच्यावर चिडायचं होतं, पण जमलं नाही. एवढं सगळं ज्याच्यासाठी राखून ठेवलं, त्याला ते नकोच होतं, आणि ज्या घरात मला विचारलं नव्हतं त्याच घरात त्यालाही कोणी विचारलं नव्हतं. लेक म्हणाली, आई, बस ना एकदा. मी नको नको म्हणत होते आणि माझे हात पिशव्या काढून बाजूला ठेवत होते. मी साडीच्या पदरानं रुपेरी पाय पुसला. पट्टी खाली सरकवून रबराच्या ओठाला टेकवली. वीस वर्षांची ती अडीच बोटांची खूण अशी पुसली गेली, आणि ती जाताना मला थोडं लागलं. बापूनं मागून सायकल धरली. मी हळूच बसले. चिमटा गंजानं कुरकुरला, मग दबला. हळूच उतरले.

दोन बाळंतपणं, बसून केलेली कामं, सासरचा तुपाचा हात. त्या वर्षी दवाखान्याच्या काट्यावर माझं वजन सत्तरच्या वर भरलं होतं. मी वाकले आणि बोट लावलं. ओट्यावरून आबा ओरडून विचारत होते, काय चाललंय तिकडे, आणि लेक त्यांना ओरडून सांगत होती की आई सायकलवर बसली. पट्टी वर सरकली होती. मी दुसऱ्यांदा बोट लावून पाहिलं, उगीच चूक नको म्हणून. नाना म्हणत असत तेवढंच. बरोबर एक बोट.